असू दे, लागेल कधीतरी

जेवणाच्या टेबलाचा सनमायका अजून दिसतोय? मग तुमची उमेदवारीच चालू आहे म्हणायची. ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत वन बीएचके, वर ऐसपैस पोटमाळा, एवढं भांडवल हाताशी असताना टेबल मोकळं? शोभत नाही तुम्हाला.

सुरुवात श्रीखंडाच्या डब्यांपासून करा. डबे धुऊन एकात एक घालायचे, झाकणं वेगळ्या पिशवीत. कुठलंही झाकण कुठल्याही डब्याला बसता कामा नये, हा या शास्त्रातला पहिला नियम. मग दुधाच्या पिशव्या, कुकरच्या गेलेल्या शिट्ट्या, लग्नपत्रिकांवरचे गणपती (देव कसा टाकणार?) आणि मोबाइल कधीच गेला तरी त्याचा चार्जर. 26 जुलै 2005 ला भिजलेले दिवाळी अंक वाळवून ठेवलेत ना? ते फुगून दुप्पट जागा खातात. एवढं व्याज कुठली बँक देते? थर्माकोलचं मखरही असू दे. 2018 साली सरकारने बंदी घातली, म्हणजे आता ते दुर्मीळच झालं.

कोणी हटकलंच तर म्हणा, "टाकायला काय लागतं? जोडायला जन्म जातो." या वाक्याला मराठी घरात आजवर उत्तर सापडलेलं नाही.

घर भरलं की जिन्यात उतरा. रद्दीचे गठ्ठे मीटरच्या पेटीखाली छान बसतात. जिना आणि ये-जा मोकळी ठेवा असं 2006 चा अग्निप्रतिबंधक कायदा सांगतो, पण तो करणाऱ्यांचे संसार लहान असावेत. ठिणगी पडलीच तर अग्निशमन दलाचा जवान पाइप घेऊन आडवा चालेल. तुम्ही नाही का रोज स्वयंपाकघरात तसेच जात?

तरीही आपली मजल अजून कॉलियर बंधूंपर्यंत गेलेली नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या त्यांच्या घरातून 1947 साली शंभर टनांहून जास्त माल निघाला. धाकटा लँग्ली स्वतःच रचलेल्या ढिगाखाली गाडला गेला. आंधळा, जागेवर खिळलेला होमर त्याची वाट पाहत उपाशी मेला. दोघांत अंतर दहाएक फूट, पण लँग्ली सापडायला दोन आठवड्यांहून जास्त लागले. आपल्याकडे एवढे चौरस फूट कुठे?

गॅलरीतल्या बादल्या आणि फुटक्या कुंड्या पावसात उघड्याच राहू द्या. डेंग्यूच्या डासाला साठलेलं स्वच्छ पाणी लागतं, आठ-दहा दिवसांत त्याचा संसार उभा राहतो. पाणी आटलं तरी त्याची अंडी महिनोन् महिने तग धरतात. जपून ठेवण्याचं महत्त्व त्यालाही कळतं. खालच्या मजल्यावरचं पोर तापाने फणफणलं, तर विचारपूस करायला मात्र जा. माणुसकी सोडू नये.

आता नातेवाइकांसाठी. घरातला माणूस चार दिवस गावाला गेला की टेम्पो बोलवा आणि सगळं उचला. आमच्या नानांच्या बाबतीत मी हेच केलं. साडेतीन तासांत घर लख्ख, भंगारवाल्याने वर सातशे रुपये दिले. नाना नाशिकहून परतले, दारात थबकले. चपला काढल्याच नाहीत. पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसले आणि एवढंच म्हणाले, "काकूचा चष्मा होता त्यात. बिस्किटाच्या पुड्यात." चष्मा पुड्यात कशाला ठेवायचा, असं मी विचारलंदेखील. सहा महिन्यांत घर पुन्हा भरलं. फरक इतकाच की आता दाराला दोन कुलपं आहेत, आणि किल्ली माझ्याकडे नाही.

अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी 2013 साली या साठवण्याची, म्हणजे 'होर्डिंग'ची, स्वतंत्र आजार म्हणून नोंद केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या यादीतही तो आहे. किमतीला दीडदमडीची वस्तू, पण सोडताना जीव तुटतो, आणि त्यापायी राहतं घर वापरता येत नाही, ही त्याची खूण. उपचार म्हणजे बोलणं. एकेक वस्तू त्याच माणसाने हातात घ्यायची, ठेवायची की टाकायची ते त्यानेच ठरवायचं, आणि हे महिनोन् महिने चालायचं. एवढा वेळ कोणाला आहे? टेम्पोवाला तासावर पैसे घेतो.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये तर तोडगा आधीच ठरलेला असतो: "याला ठाण्याला पाठवा." उभा महाराष्ट्र हे म्हणतो, पण आपण आधीच ठाण्यात. 1901 सालचं ते मनोरुग्णालय रिक्षाच्या अंतरावर, आणि तरी त्या फाटकातून ओपीडीला जायचं म्हटलं की "लोक काय म्हणतील?" जिन्यातून झुरळांची वरात निघते तेव्हा लोक काहीच म्हणत नसावेत.

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. चिठ्ठीवर लिहून ती जेवणाच्या टेबलावर ठेवा. टेबल सापडलं तर.