दुसरा गिअर हरवला आहे

वडिलांची पद्मिनी मोटार 1984 सालची. हिचा गिअर मधे जमिनीवर नाही, स्टिअरिंगच्या नळीला, डाव्या हाताशी. लिव्हर अंगाकडं ओढून पहिला-दुसरा, सोडून तिसरा-चौथा. गेल्या महिन्यात हा लिव्हर एकदम सैल झाला. न्यावा तिकडं जायचा, पण गाडीला त्याचा पत्ताच नसायचा. पहिला सापडायचा, तिसराही सापडायचा. दुसरा मात्र घर सोडून गेला होता.

कोल्हापूरच्या बिंदू चौकात ऐन गर्दीत मी तो शोधत होतो. मागं हॉर्नचा ताशा. शेजारी येऊन थांबलेल्या रिक्षावाल्यानं माझा हात बघितला आणि शांतपणे विचारलं, "मालक, लोणी निघालं का?"

गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं. कोल्हापुरात बॉनेट उघडायला वर्गणी लागत नाही, माणसं आपसूक जमतात. एकानं क्लच प्लेट गेल्याचं जाहीर केलं. दुसऱ्यानं थेट गिअरबॉक्स खाली घ्यायला सांगितलं. तिसरा नुसताच म्हणाला, "छत्रपतींची मेबॅक मोटार 1936 ची. अजून दसऱ्याला येती. तुमची तर काल-परवाची!" यावर काय बोलणार? मेबॅकला दुसऱ्या गिअरसाठी बिंदू चौकात कुणी उभं केलंय का?

तिसऱ्या गिअरमध्ये गचके खात वर्कशॉपांचं उद्यमनगर गाठलं. मिस्त्रीमामांनी गाडीला हात लावायच्या आधी चहा संपवला.

"मामा, क्लच गेलाय म्हणत्यात."

"क्लच गेला असता तर गिअर टाकताना कर्रर्र वाजला असता. वाजतोय का?"

"नाही."

"मग बसा आत आणि हलवा."

मी हलवत बसलो, ते बॉनेटमध्ये वाकले. लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत दांड्या जातात, प्रत्येक सांध्यात एक बुश, म्हणजे सांधा घट्ट बसवणारी भोकाची छोटी कडी. दुसरा टाकला की एक दांडी हलायची, तिला जोडलेली पुढची मात्र झोपलेली. मामांनी तिथली स्प्लिट पिन, म्हणजे टोकं वाकवून अडकवलेली तारेची पिन, काढली आणि नखानं उचकटून काहीतरी माझ्या तळहातावर ठेवलं. चिंचोक्याएवढा, ग्रीसनं काळा झालेला बुश. मधलं गोल भोक झिजून अंड्यासारखं लांबट झालेलं. एवढ्याशासाठी मी तीन आठवडे रंकाळ्याला चालत जात होतो!

"नवीन मिळंल?"

"कशाला मिळवायचा? करू की."

समोरच्या लेथवर नायलॉनचा तुकडा लागला, पांढरे कुरळे किस उडाले, आणि माझा दुसरा चहा संपेपर्यंत बुश तयार. जुनी पिन मात्र मामांनी परत घातली नाही. "पिन नवीच घालायची. वाकवून सरळ केलेली पुन्हा वाकवली की तुटती." बिल इतकं किरकोळ की पाकीट काढायची लाज वाटली.

घरी येताना बायको शेजारी होती. पहिला टाकला, मग दुसरा. टक्. इतक्या गुमान बसला की मला खरंच वाटेना. क्लच दाबून परत न्यूट्रल केला, परत टाकला. परत काढला.

"आता काय हरवलं?" बायको म्हणाली.