तीन वर्षांची पदवी सहा वर्षांत मिळवण्याची रीतसर पद्धत

सगळ्यात आधी नोकरी अशी धरायची, की सोमवारी आपण कोणत्या गावात असणार हे रविवारी रात्री साहेबांचा मेसेज येईपर्यंत आपल्यालाच कळू नये. अशी नोकरी पक्की झाली की मगच मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरायला घ्या. उलट क्रमाने गेलात तर पदवी तीन वर्षांत पदरात पडण्याचा धोका असतो, आणि मग दिवाळीत नातेवाइकांना विचारायला काही उरत नाही.

मी औषध कंपनीचा एमआर, म्हणजे डॉक्टरांना कंपनीची औषधं सांगत फिरणारा प्रतिनिधी. हेडक्वार्टर नागपूर. सकाळी जाऊन रात्री घरी परतता येतं ते आमच्याकडे एक्स-स्टेशन : भंडारा, वर्धा, उमरेड, काटोल. मुक्काम पडतो ते आउट-स्टेशन : चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, यवतमाळ. दर महिन्याला टूर प्रोग्राम मंजूर होतो आणि मंजूर झाल्या दिवसापासून बदलायला लागतो. माझं शिक्षण डी.फार्म., म्हणजे फार्मसीची नुसती पदविका. एरिया मॅनेजर व्हायचं तर पदवी पाहिजे, असं कंपनीचं म्हणणं. कशातली पाहिजे, याबाबतीत मात्र कंपनी फार उदार. म्हणून मी बी.ए.ला नाव घातलं.

फॉर्म भरताना घाबरू नका. देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादला निघालं, १९८५ साली दिल्लीचं इंदिरा गांधींच्या नावाचं आलं आणि १९८९ साली नाशिकचं यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं. म्हणजे आपल्यासारखे लोक चाळीस वर्षांपासून फॉर्म भरत आहेत. नाशिकच्या विद्यापीठाचं ब्रीद आहे 'ज्ञानगंगा घरोघरी'. ब्रीद सुंदर आहे. अडचण आपली आहे. गंगा घरी येते तेव्हा आपण गोंदियाला असतो.

म्हणून पत्रव्यवहाराच्या पत्त्याच्या रकान्यात स्वतःच्या घराचा पत्ता लिहू नका. घराला कुलूप असतं. आई भावाकडे, आपण दौऱ्यावर. सोमवार ते शनिवार, सकाळी सात ते रात्री अकरा, हमखास जागेवर सापडणारा माणूस शोधा. मी चौकातल्या पानठेल्याचा पत्ता दिला. पुस्तकांचा पहिला गठ्ठा ठेलेवाल्या भाऊने सही करून घेतला, वजन करून पाहिलं आणि मला फोन केला, "भाऊ, तुमचं साडेचार किलो आलं आहे."

आता अभ्यासाचा हिशोब. तो एकदाच करायचा, आणि तोही रिकाम्या पोटी नाही. माझ्या अभ्यासक्रमाला १३२ क्रेडिट. एका क्रेडिटला ३० तासांचा अभ्यास धरलेला. झाले ३९६० तास. तीन वर्षांत बसवायचे तर रोज साडेतीन तासांहून थोडे जास्त, रविवार, पोळा, तान्हा पोळा सगळं धरून. मात्र नियमात कमाल मुदत सहा वर्षं दिलेली असते. तेवढी घेतली तर रोजचे पावणेदोन तासांच्या आसपास येतात. विद्यापीठाने ही मुदत आपल्यासाठीच ठेवलेली आहे, तेव्हा ती पुरती न वापरणं म्हणजे वाढलेल्या पानावरून उठणं.

हे पावणेदोन तास कुठून आणायचे हे सगळ्यांना माहीत असतं. साहेबांना, सासऱ्यांना, शेजाऱ्यांना. "अहो, एवढा प्रवास करता, गाडीत वाचायचं!" हा सल्ला देणारा माणूस गणेशपेठेतून गडचिरोलीच्या एसटीत कधी बसलेला नसतो. आपण बसा. खिडकीजवळ. पुस्तक काढा. उमरेड जाईपर्यंत एकच ओळ चार वेळा वाचून होते, कारण प्रत्येक हादऱ्याला डोळे वरच्या ओळीवर जातात. पुढे झोप लागते. भिवापूरच्या आसपास शेजारचा जागं करतो.

"काय वाचून राहिले भाऊ?"

"समाजशास्त्र."

"पोराचं आहे काय?"

"माझंच आहे."

मग तो आपल्या केसांकडे बघतो, मग पुस्तकाकडे, मग खिडकीबाहेर. नागभीडपर्यंत बोलत नाही. तेवढा वेळ वाचायला मिळतो. म्हणून म्हणतो, केस रंगवू नका.

अभ्यासाची खरी जागा म्हणजे डॉक्टरांचं वेटिंग. धंतोलीत एका गल्लीत जितके दवाखाने आहेत तितक्या लायब्ऱ्या अख्ख्या शहरात नसतील. बाहेर पाटी असते : एमआर भेट, मंगळवार व शनिवार, दुपारी २ ते २.३०. आपण दीडला जाऊन कार्ड द्यायचं. साडेतीनला बोलावतात. मधले दोन तास पंखा, खुर्ची, थंड पाणी, आणि मोठ्याने बोलायची कोणालाच परवानगी नाही. एवढी सोय अभ्यासिकेत महिन्याचे पैसे भरून मिळत नाही. फक्त उघड वाचायचं नाही. बाकीचे एमआर बघतात, आणि एकाने बघितलं की रात्रीपर्यंत साहेबांना कळतं की हा फील्डमध्ये मन लावत नाही. पुस्तकाची पानं व्हिज्युअल एडच्या फाइलमध्ये घालायची. औषधांची रंगीत चित्रं वर, समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर खाली.

यात एक छोटी जोखीम आहे. केबिनमध्ये चाळीस सेकंद मिळतात. एकदा मी घाईत फाइल उघडली ती थेट वेबरच्या नोकरशाहीच्या पानावर. ॲसिडिटीच्या पँटोप्राझोलच्या जागी अधिकारांची उतरंड, लेखी नियम आणि व्यक्तिनिरपेक्षता. डॉक्टरसाहेब मोबाइलवर होते. न बघताच म्हणाले, "हो हो, चांगलं आहे, लिहितो मी." त्या महिन्यात धंतोलीत वेबर किती पेशंटना लिहून दिला गेला, ते कुठल्याच रिपोर्टात आलं नाही.

संपर्कसत्रं, म्हणजे केंद्रावरचे तास, रविवारी असतात. साहेबांची मीटिंगही रविवारीच असते. याच्यावर वेगळा परिच्छेद लिहिण्यात अर्थ नाही.

स्वाध्याय, म्हणजे घरून लिहून द्यायची उत्तरं, मात्र नीट समजून घ्या. ३० टक्के गुण त्याचे, आणि तो स्वतःच्या हाताने लिहायचा. शेवटची तारीख महिन्याच्या शेवटच्या दिवशी. आपल्या कंपनीचं क्लोजिंग, म्हणजे महिन्याच्या विक्रीचा हिशोब बंद होणं, तेही त्याच दिवशी. हा योगायोग नव्हे, ग्रहमान आहे. ३१ तारखेला संध्याकाळी तुम्ही गांधीबागेतल्या दवाबाजारात स्टॉकिस्टच्या, म्हणजे घाऊक विक्रेत्याच्या, काउंटरवर उभे असता. आणखी पन्नास पेट्या उचला म्हणून तुम्ही त्याला विनवत असता. तो म्हणतो, मागचाच माल पडून आहे. तो गोदामात गेला की त्याच्याच बिलबुकाखाली कागद सरकवून एक उत्तर पुरं करायचं. माझा प्रश्न होता प्राथमिक आणि दुय्यम समूहांवर. चार्ल्स कूलीने कुटुंब आणि खेळगड्यांना प्राथमिक समूह म्हटलं १९०९ साली, इथपर्यंत ठीक चाललं होतं. तेवढ्यात साहेबांचा फोन आला, "प्रायमरी किती झाली? सेकंडरी किती?" प्रायमरी म्हणजे कंपनीने स्टॉकिस्टला विकलेला माल, सेकंडरी म्हणजे त्याने पुढे दुकानांना विकलेला. फोन ठेवून मी लिहिलं : प्राथमिक संबंध घनिष्ठ असतात, परंतु महिनाअखेरीस ते स्टॉकिस्टवर लादले जातात, आणि दुय्यम संबंध न वाढल्यास प्राथमिक माल परत येतो. दहापैकी साडेसहा मिळाले. तपासणारे घरचे जाणकार असावेत.

अर्थात मुदत वाढते. दर वेळी वाढते. पहिल्या मुदतवाढीत घाई करणारे लोक अजून ताजे आहेत असं समजावं.

आता रजा. औषध प्रतिनिधींसाठी १९७६ साली संसदेने वेगळा कायदाच केला आणि त्यात भरपगारी रजा कामावरच्या दिवसांच्या एक अकरांशापेक्षा कमी नसावी असं लिहिलं. अकरा दिवस बॅग उचलली की एक दिवस आपला. हे साहेबांना सांगण्याची एक रीत आहे : सांगायचं नाही. आमचे साहेब मनाने फार मोठे. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं करून म्हणाले, "हा मुलगा नोकरी करून शिकतोय, टाळ्या वाजवा." टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी परीक्षेचं वेळापत्रक दाखवलं तर म्हणाले, "शिका ना, कोण नको म्हणतं? फक्त फील्डवर परिणाम नको." आणि पहिल्या पेपरच्या दिवशी चंद्रपूरला जॉइंट वर्क लावलं. जॉइंट वर्क म्हणजे साहेब दिवसभर सोबत फिरतात आणि आपण डॉक्टरांना कसं भेटतो ते शिकवतात. तोही अभ्यासच. त्याला क्रेडिट नाहीत, एवढाच फरक.

त्या रात्री चंद्रपूरच्या लॉजवर मी पुढच्या पेपरासाठी कार्ल मार्क्सचं वरकड मूल्य, म्हणजे कामगाराच्या श्रमातून मजुरी वजा जाता मालकाकडे उरतं ते, वाचत होतो. दिवा पलंगाच्या बरोबर मागे, त्यामुळे पुस्तकावर आपल्याच डोक्याची सावली. प्रकरण तीनदा वाचून डोक्यात शिरेना. शेवटी पुस्तक मिटलं आणि महिन्याचा खर्चाचा तक्ता भरायला घेतला. खोलीचं भाडं इतकं, जेवण इतकं, कंपनीचा डीए, म्हणजे रोजचा भत्ता, इतका. वजाबाकी केली आणि मार्क्स एका मिनिटात समजला. कठीण प्रकरणांना ही पद्धत वापरून बघा.

परीक्षा वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. नागपूरकरांचा विचार करूनच हे महिने काढलेले दिसतात.

जूनचा अभ्यास नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सुमाराच्या नऊ तापलेल्या दिवसांत, करायचा. बाहेर ४५ डिग्री, घरात कूलर. कूलरसमोर बसलं तर पानं उडतात, बाजूला बसलं तर घामाने पानं चिकटतात. मी पुस्तकावर सॅम्पलच्या बाटल्या ठेवून वाचायचो. कफ सिरपचा उपयोग मला तेवढाच झालेला आहे. परीक्षेच्या हॉलमध्येही कूलर असतो, एकच आणि अवाढव्य. पहिल्या रांगेतल्यांच्या उत्तरपत्रिका फवाऱ्याने ओल्या होतात, शेवटच्या रांगेतल्यांच्या घामाने. मधल्या रांगेत नंबर यावा म्हणून टेकडीच्या गणपतीला जाऊन या. गेल्या खेपेला माझा आला होता. लाइट गेली.

डिसेंबरला हवा छान. पण डिसेंबरमध्ये मुंबईचं सरकार नागपूरला येतं. १९५३ च्या नागपूर कराराची आठवण म्हणून दर हिवाळ्यात अधिवेशन इथे, आणि अधिवेशन म्हटलं की मोर्चे. अशाच एका दिवशी माझा पेपर राज्यशास्त्राचा. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला बॅरिकेड. मी हॉलतिकीट वर धरून पुढे घुसलो. हवालदारसाहेबांनी अडवलं.

"कोणती संघटना?"

"साहेब, माझा पेपर आहे."

"सगळ्यांचेच पेपर आहेत. निवेदन तिकडे द्या."

त्यांनी दाखवलेल्या दिशेला मी अर्धा तास कंत्राटी कर्मचाऱ्यांबरोबर बसलो. त्यांच्याकडे पोहे होते, तर्री जहाल होती, आणि मागण्या ऐकल्यावर दोन-तीन तर माझ्याही निघाल्या. घोषणा दिल्या. वीस मिनिटं उशिरा हॉलमध्ये पोचलो, श्वास लागलेला, घसा बसलेला. तिसरा प्रश्न होता, दबाव गटांचं लोकशाहीतलं स्थान स्पष्ट करा. सहा वर्षांत तेवढं एक उत्तर मी न थांबता लिहिलं.

असं करता करता सहावं वर्ष येतं. येतंच, त्यासाठी काही करावं लागत नाही. मधल्या काळात लग्न झालं असेल, मुलगी बालवाडीत जाऊन आली असेल, आणि तुमच्यानंतर लागलेला पोरगा तुमचा एरिया मॅनेजर झाला असेल. तो बी.एस्सी. आहे, रेग्युलर. हा शब्द लक्षात ठेवा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली पुन्हा एकदा स्पष्ट केलं, की मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी आणि कॉलेजात बसून घेतलेली पदवी समतुल्य आहेत. याची प्रिंट काढून इंटरव्ह्यूला न्या. समोरचे वाचतात, मान हलवतात, कागद परत देतात आणि विचारतात, "म्हणजे रेग्युलर नाही ना?"

निकाल लागला तेव्हा मी गडचिरोलीत एका डॉक्टरांच्या वेटिंगमध्ये होतो. मोबाइलवर आकडे दिसले, पुन्हा बघितले, आणि तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं. चाळीस सेकंदांत पँटोप्राझोल सांगून बाहेर आलो. कोणाला तरी सांगावं असं वाटलं, म्हणून शेजारच्या मेडिकलवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "अभिनंदन भाऊ. ते एक्सपायरी झालेलं औषध कधी परत घेऊन जाता?"

खरी पदवी पोस्टाने आली, अर्थातच पानठेल्यावर. मी यवतमाळला. तीन दिवसांनी रात्री दहाला पोचलो तर ठेलेवाला भाऊ सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होता. तसाच एका हाताने गल्ला उघडून त्याने लिफाफा काढला. फोडलेला होता.

"तुमची परवानगी नव्हती, पण चौकात सगळ्यांना दाखवली. सहा वर्षं तुमचे गठ्ठे सांभाळले, तेवढा हक्क आहे ना?"

होता. मी कागद दिव्याखाली धरला. नाव बरोबर, वर्ष बरोबर. खालच्या उजव्या कोपऱ्यात, कुलगुरूंच्या सहीच्या थोडं वर, काथ्याचा एक गोल डाग.

"पुसतो," म्हणून त्याने फडकं उचललं.

"राहू दे," मी म्हटलं. "एक साधा लाव. आणि ऐक, पुढच्या महिन्यात परत फॉर्म निघतो आहे. कंपनीने नवीन सर्क्युलर काढलं आहे, एमबीए पाहिजे म्हणून. पत्ता तुझाच देऊ ना?"

त्याने पानाला चुना लावता लावता विचारलं, "यावेळी किती किलो येईल?"