चुकाल म्हणून कुराण वाचू नका, असं कुणी सांगितलं?

रत्नागिरीची माझी खाला, म्हणजे मावशी, साठीची आहे. रमजाननंतर तिने नूरानी कायदा, म्हणजे कुराण वाचायला शिकवणारं अक्षरांचं पहिलं पुस्तक, हातात घेतलं. लहानपणी मकतब (मुलांची कुराणशाळा) अर्धवट सुटला, नमाजपुरत्या सूरा (कुराणातले अध्याय) कानाने पाठ झाल्या, एवढीच तिची शिदोरी. रोज असरनंतर, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजनंतर, आम्ही फोनवर अर्धा तास बसतो. परवा तिने फोनच उचलला नाही. रात्री म्हणाली, "नको गो, मला गुनाह लागायचा."

तिला व्हॉट्सॲपवर एक मजकूर आला होता. मलाही तो तीन गटांतून आलाय. त्याचं म्हणणं असं : चाळिशीनंतर मराठी जीभ अरबीला वळत नाही आणि चुकीचा उच्चार म्हणजे गुनाह, पाप, म्हणून फक्त ऐका. वाचायचंच असेल तर देवनागरी लिपीतलं वाचा. आणि तजवीद, म्हणजे कुराणाच्या उच्चारांचे नियम, ती काय, नंतर जोडलेली आहे.

पहिला मुद्दा सगळ्यांत घातक, कारण तो शिकणाऱ्याच्या हातातलं पुस्तक काढून घेतो. हिरा गुहेत 'इकरा', म्हणजे 'वाच', हा पहिला शब्द उतरला तेव्हा पैगंबरांचं (स.) वय 40 होतं. त्यांचं उत्तर होतं, मला वाचता येत नाही. त्याच ग्रंथासाठी चाळिशीची रेघ कोण आखतंय?

आणि गुनाहचं म्हणाल, तर पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांनी (रजि.) सांगितलेली हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या हदीसच्या दोन्ही संग्रहांत आहे. कुराण सफाईने वाचणारा सन्माननीय फरिश्त्यांसोबत असेल. आणि जो अडखळत, कष्टाने वाचतो त्याला दुहेरी सवाब, म्हणजे पुण्य. एक वाचण्याचा, एक कष्टाचा, असं उलमा (धर्मपंडित) समजावतात. जिला दुहेरी सवाबाची आशा आहे त्या बाईला तुम्ही गुनाहची भीती घालता?

शिवाय आम्ही कोकणी मुसलमान शाफई, म्हणजे इमाम शाफईंची विधिपरंपरा मानणारे. आमच्यात प्रत्येक रकातीत (नमाजच्या एका आवर्तनात) फातिहा, म्हणजे कुराणाची पहिली सूरा, फर्ज, म्हणजे सक्तीची. दिवसाच्या फर्ज रकाती 17, म्हणजे खाला रोज किमान 17 वेळा फातिहा वाचतेच. चूक होते म्हणून वाचायचं नाही, तर मग तिने नमाजही सोडायची का? शिकणं थांबलं तर तीच चूक रोज 17 वेळा होत राहील.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. उच्चाराने अर्थ बदलतो. 'कुल हुवल्लाहु अहद' यातला कुल घशाजवळच्या काफने म्हटला तर 'सांग', साध्या काफने म्हटला तर 'खा'. अशा उघड चुकीला लहने जली म्हणतात आणि ती सुधारायलाच हवी. पण ती सुधारायची कुठे? कायद्यातच ना?

मराठी जीभ वळत नाही, हे तर मला ऐकवतच नाही. बाळ आणि बाल यांत आपण कधी गोंधळतो का? 'पंप' म्हणताना अनुस्वाराचा म् होतो, 'अंक' म्हणताना ङ् होतो, हे आपल्याला कुणी शिकवलं? तजवीदमधला इकलाब हाच आहे : साकिन नून, म्हणजे स्वर नसलेला न्, त्यानंतर बे (ब) आला की नूनचा मीम (म) होतो, 'मिन बअदि'चं 'मिम बअदि' होतं. 'पंप'चं उदाहरण दिल्यावर खालाला हा नियम एका बैठकीत समजला. ऐन या अरबी अक्षराला तीन आठवडे लागले, तेही खरं. घशाच्या मध्यातून येणारा तो आवाज मराठीत नाहीच.

आता देवनागरीचं. चुकलात तर गुनाह असं बजावणारा माणूस दोन ओळींनंतर अशी लिपी सुचवतो, जिच्यात चूक ठरलेलीच आहे. कल्ब म्हणजे हृदय आणि कल्ब म्हणजे कुत्रा. दोन्ही मी इथे एकसारखेच लिहिलेत, कारण रोजच्या मराठी लिखाणात दोन्ही काफ एकच दिसतात. से, सीन, स्वाद या तीन अरबी अक्षरांचा 'स'. जाल, जे, ज्वाद, जो चौघांचा 'ज'. खालाला मी आरसा समोर धरायला सांगते : जालला जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला लागतं, आरशात दिसतं, जेला ते दातांच्या आतच राहतं. ज्वादला जिभेची कड वरच्या दाढांना टेकते. हे 'ज' या एका अक्षरातून कसं कळणार? पहिल्या दिवसांत आठवणीपुरतं देवनागरीत लिहून ठेवायला माझी हरकत नाही, पण ऐकवणारं आणि चूक दाखवणारं माणूस समोर हवंच.

तजवीद नंतरची, या मुद्द्याला फार वेळ देत नाही. जेर, जबर, पेश (स्वरांच्या खुणा) आणि नुक्ते (अक्षरांची टिंबं) लिखाणात नंतर आले, नियमांना नावंही नंतर मिळाली, हे खरंय. पण वाचन आधीपासून उस्तादाच्या तोंडून शागिर्दाच्या कानात जात होतं. जे ऐकू येत होतं त्यालाच पुढे खुणा आणि नावं मिळाली.

ती हदीस मी खालाला फोनवर दोनदा वाचून दाखवली. काल असरनंतर आम्ही पुन्हा ऐनवर बसलो.