‘एकदा झाला म्हणजे झालाच’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आठवड्यात आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर एकच मेसेज तीन जणांनी टाकला. वर ‘जनहितार्थ’, खाली हात जोडलेले. मजकूर थोडक्यात असा: हिपॅटायटिस सी (विषाणूमुळे यकृताला होणारा आजार) एकदा झाला की रक्तातून जात नाही, डॉक्टर बरा झाला म्हणाले तरी रिपोर्ट जन्मभर पॉझिटिव्ह येतो, अशा माणसाचं ताट-वाटी वेगळं ठेवा, आणि त्याने ही गोष्ट सोयरिकीत, नोकरीत, विम्यात, सगळीकडे सांगितलीच पाहिजे, नाहीतर ती फसवणूक. या दिवसांत खान्देशात घरोघरी बायोडाटे फिरत असतात. मेसेज नेमका कुठे जाऊन लागणार, हे पाठवणाऱ्यांना कळत नसेल असं मला वाटत नाही.

मला हा आजार होता. 2019 मध्ये औषध घेतलं, बरा झालो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘रक्तातून जात नाही.’ जातो. काही जणांच्या शरीरातून तर पहिल्या सहा महिन्यांत औषधाशिवायच जातो. बाकीच्यांना गोळ्या लागतात: सोफोसबुविर आणि जोडीला डक्लाटासविर किंवा वेल्पाटासविर, बहुतेकांना 12 आठवडे. शंभरातले पंचाण्णवच्या वर बरे होतात. जुलै 2018 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि गोळ्या दोन्ही सरकारकडून मोफत आहेत. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा बी आणि सी यांची गल्लत केली. बी चा विषाणू पेशीच्या केंद्रकात ठाण मांडतो, औषधाने दबतो पण सहसा पुरता जात नाही. सी तसा नाही.

‘रिपोर्ट जन्मभर पॉझिटिव्ह.’ हा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि सगळा घोळ या अर्ध्यातच आहे.

दोन वर्षांपूर्वी माझं हर्नियाचं ऑपरेशन होतं. ऑपरेशनआधी सगळ्यांची होते तशी रक्ताची तपासणी झाली. बोटाएवढं प्लास्टिकचं कार्ड, त्यावर रक्ताचा थेंब आणि वरून दोन थेंब द्रावण टाकतात, पंधरा-वीस मिनिटांत रेघा उमटतात. एक रेघ म्हणजे कार्ड चालू आहे, दोन म्हणजे ‘रिअ‍ॅक्टिव्ह’. माझ्या कार्डावर दोन उमटल्या, दुसरी चांगली ठसठशीत. लगेच फाइलवर लाल पेनने गोल झाला, माझा नंबर सकाळी पहिला होता तो संध्याकाळी शेवटचा झाला, आणि वॉर्डातल्या एकाने दारातूनच ओरडून विचारलं, “सी पॉझिटिव्हवाला कोण?” बाहेर बाकावर बायको बसलेली होती.

ते कार्ड विषाणू शोधतच नाही. विषाणू आला होता तेव्हा शरीराने तयार केलेली अँटिबॉडी शोधतं, आणि ती बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं, बऱ्याचदा जन्मभर राहते. खिशात धुळ्याचं जुनं तिकीट सापडलं म्हणून माणूस अजून धुळ्यातच आहे असं कोणी म्हणत नाही. विषाणू आहे की नाही हे आरएनए चाचणी सांगते, कारण ती खुद्द विषाणूचाच अंश शोधते. गोळ्या संपल्यावर 12 आठवड्यांनी केलेल्या त्या चाचणीत विषाणू सापडला नाही, म्हणजे माणूस बरा. तो कागद लॅमिनेट करून ठेवा, मोबाइलमध्येही ठेवा. आधार कार्डाइतका कामाला येतो.

‘ताट-वाटी वेगळं ठेवा.’ माझ्या औषधाच्या दिवसांत मामीकडे कानबाईचे रोट (आमच्या खान्देशातला श्रावणातला सण) होते. मामीने स्टीलच्या एका ग्लासच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवला होता. “हाऊ तुना गिलास शे,” म्हणाली, अगदी मायेने. तिचा राग आला नाही. आपल्याकडे ‘कावीळ’ या एका शब्दात सगळं कोंबलेलं आहे. पाण्या-अन्नातून पसरतात ते ए आणि ई. सी पसरतो रक्तातून रक्तात: न उकळलेली सुई, वस्तरा, डायलिसिस, तपासणी सक्तीची होण्याआधी चढवलेलं रक्त. ताटातून नाही, मिठीतून नाही, आईच्या दुधातूनही नाही. मला कुठून लागला ते सिद्ध करता येणार नाही, पण लहानपणी गावात येणारे डॉक्टर काचेची एकच पिचकारी दिवसभर वापरायचे, हे मला आठवतं.

आता मुख्य गोष्ट. ‘सगळीकडे सांगा.’

डॉक्टरला सांगा, यावर वाद नाही. यकृत आधीच घट्ट होऊन सिरोसिस झाला असेल तर विषाणू गेल्यावरही कर्करोगाचा धोका उरतो, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी लागते. तिथे लपवून नुकसान आपलंच.

रक्तदान करू नका, बरे झाला असलात तरी. नियमाने कायमची मनाई आहे. मात्र जयंतीच्या शिबिरात रांगेत उभं राहून कारण जाहीर करायची गरज नाही. “मला चालत नाही” एवढं पुरतं.

विम्याच्या अर्जात विचारलं असेल तर खरं लिहा. एजंट म्हणेल, “दादा, राहू द्या, कशाला लिहिता?” त्याचं कमिशन सुटतं, क्लेम आपला अडकतो. आरोग्य विम्यात 2024 पासूनच्या नियमांप्रमाणे आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त 3 वर्षं थांबवता येतं, आणि सलग 5 वर्षं पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय जुना आजार सांगितला नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही. म्हणजे खरं लिहिणाऱ्याचं फार बिघडत नाही.

नोकरी? दुकानात, शाळेत, कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्याने मालकाला हे सांगावं असा कुठलाही कायदा नाही. आखाती देशांत जायचं असेल तर व्हिसाच्या तपासणीत ही चाचणी असते, ती गोष्ट वेगळी.

राहिली सोयरीक. मेसेज म्हणतो सगळ्यांना सांगा. आमच्या घरातले काही जण म्हणत होते कोणालाच सांगू नको, बरा झालास ना. दोन्ही मला पटलं नाही. बैठकीत बसलेले चाळीस पाहुणे, मध्यस्थ, मुलीचे काका, यांचा माझ्या रक्ताशी संबंध काय? आणि बरं झालेल्या माणसाकडून बायकोला धोका नाही, मग तिलाही का सांगायचं? तर त्या हॉस्पिटलच्या बाकासाठी. दोन रेघा कधी ना कधी कोणीतरी ओरडून वाचणार, आणि तेव्हा तिने ते परक्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकावं असं मला नको होतं. (विषाणू अजून अंगात असेल तर प्रश्नच नाही: सांगायचं, वस्तरा-ब्रश वेगळे ठेवायचे आणि आधी औषध घ्यायचं.)

लग्न ठरायच्या आधीची गोष्ट, शहाद्याला तिच्या घराच्या गच्चीवर पापड वाळत होते. खाली बैठक चाललेली, आम्हाला दहा मिनिटं दिली होती. मी सांगितलं. ती म्हणाली, “परत होऊ शकतो?” होऊ शकतो म्हटलं, दूषित रक्त पुन्हा आलं तर, याची लस नाही. तिने रिपोर्ट मागितला. मोबाइलवर बोटांनी मोठा करून ‘नॉट डिटेक्टेड’ वाचलं, मग वर सरकवून तारीख शोधली आणि विचारलं, “हा गोळ्या संपायच्या आधीचा की नंतरचा?”