ओबीच्या, म्हणजे खाणीतून उपसलेल्या माती-दगडाच्या, डोंगरावर वाघ राहतो, म्हणून काय झालं?

"वाघ राहते म्हणजे जंगल झालंच ना बे!"

परवा चंद्रपुरात तुकूमच्या टपरीवर मंग्या हे बोलला आणि चहाचे दोन राउंड झाले तरी वाद थांबेना. मंग्या कोळसा खाणीत डंपर चालवतो. त्याचं म्हणणं, ओबीचे जे ढीग लहानपणी नागडे पाहिले, ते आज हिरवेगार आहेत. डुकरं आली, मागोमाग वाघ आला. "तरी वनखात्याची बोंब! लावलं तरी बोंब, नाही लावलं तरी बोंब."

सुधाकरभाऊ वनविभागात मजुरीवर जातात. ते शांतपणे म्हणाले, "हिरवं काय हाय ते तर पाय. वेडी बाभूळ. तिच्याखाली गवत होते का? चितळाले गवत पायजे. त्या काट्यात डुक्कर अन् भटकी कुत्री राहतात, अन् त्यांच्यामागं बिबट येते, थेट घरांच्या भिंतीपर्यंत."

2022 च्या फेब्रुवारीत आपल्या वीज केंद्राच्या आवारात वाघानं कामगार मारला आणि लगोलग शेजारच्या दुर्गापुरात बिबट्यानं शाळकरी वयाचा पोरगा नेला. झुडपं काढा, असं वनविभाग तेव्हापासून सांगतोय ते उगाच नाही. ताडोबा इथून हाकेच्या अंतरावर आहे. झुडपातला वाघ दिसला म्हणून खाणीची जमीन सुधारली, असं मी तरी मानणार नाही. त्याला तिथं फक्त लपायला जागा मिळाली आहे.

खरी गोची मातीत आहे. खाण उघडताना वरची फूटभर माती वेगळी काढून ती लवकर परत पसरली, तर त्यातलं बी आणि जिवाणू जगतात. वर्षानुवर्षं ढिगात दाबून ठेवली की ती मेलीच. मग वर येतो तो खालचा मुरूम आणि फुटका दगड. मे महिन्यात हात लावा, चटका बसतो. पावसात त्याच उतारावर गुडघाभर घळी पडतात. तिथं बाभळीशिवाय काय टिकणार? आणि हे सुधारता येतं, बरं का. गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगावर नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं साखर कारखान्याचं प्रेसमड, म्हणजे उसाच्या रसातला गाळ, आणि जिवाणू खतं घालून देशी झाडं वाढवली.

मी म्हटलं, "2020 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंच सांगितलं, खाणकाम संपल्यावर जमिनीवर गवत लावा, चारा आणि वन्यजीवांना ती जमीन उपयोगी पडली पाहिजे."

मंग्या उसळलाच. "लावलं गवत, आले चितळ. मग वाघ येनार नाही का? तुकूमच्या तोंडाशीच ना?"

हा मुद्दा मात्र बिनतोड. म्हणून तर वन्यजीववाल्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्यायला पाहिजे. ताडोबाकडच्या उतारावर चितळांसाठी कुरण, वस्तीकडची बाजू मोकळी, असं खाण सुरू होतानाच ठरायला हवं. खड्डा संपल्यावर रोपांचा आकडा दाखवून काय उपयोग?

"वस्तीकडची झुडपं आधी काढा, चितळाचं मंग पाहू," सुधाकरभाऊ म्हणाले.

"काढली तर पावसात ढीग घसरते, त्याचं काय?" मंग्या म्हणाला. ढिगावर रोज गाडी चढवणाऱ्यालाच हे सुचणार.

"एकदम नाही काढायची," सुधाकरभाऊ म्हणाले. "पट्ट्यापट्ट्यानं काढायची आणि पावसाच्या तोंडावर मारवेल गवत लावायचा. तो माती धरतो. दरवर्षी कापला की दडणही राहत नाही, अन् गुरांना चारा होते."

"कापणार कोण?" मंग्यानं विचारलं. सुधाकरभाऊंनी हात वर केला. "पैसे द्या, उद्यापासून येतो."