नावात वसलेला ‘मी’

माणूस स्वतःला गुणांनी ओळखतो की नात्यांनी, हे बऱ्याच अंशी संस्कृती ठरवते, हा मुद्दा मला पटतो. हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली जपान व अमेरिकेची तुलना करून तो मांडला होता. परंतु मराठी वाचकाला त्याचा पुरावा स्वतःच्या नावातच सापडेल. आपण पूर्ण नाव सांगतो तेव्हा वडिलांचे किंवा पतीचे नाव ओघाने येतेच, आणि अनेक घरांत लग्नाच्या वेळी ताटातल्या तांदळात अंगठीने नवे नाव लिहून मुलीचे मूळ नावही बदलले जात असे. माझ्या आईचे तसेच बदलले. माहेरच्या नावाने हाक मारणारी तिची शेवटची मावशी वारली, तेव्हा “आता त्या नावाची मुलगीही गेली,” असे ती म्हणाली, आणि ते मला अजून सलते.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावानंतर आधी आईचे, मग वडिलांचे नाव लिहिण्याचा महाराष्ट्र शासनाचा निर्णय मी म्हणूनच मोलाचा मानतो. मात्र ते आईचे कोणते नाव असावे, माहेरचे की सासरचे, हे तिलाच विचारले पाहिजे.