काका, वॉर आहे

रजेचा अर्ज साहेबांकडे करावा लागतो, हे मान्य. मित्रांबरोबर बाहेरगावी जायचं तर घरीही करावा लागतो. तो तोंडी असतो आणि नामंजूर होण्याचं प्रमाण तिथे जास्त. पण वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी सांगलीकडच्या एका अकरावीतल्या मुलाला ‘चार दिवस गावी जात आहे, घरात नेटवर्क येत नाही, तरी वॉरमधून वगळावे ही विनंती’ असा मेसेज पाठवला आणि त्याचं उत्तर येईपर्यंत बॅग भरली नाही. हे असं का केलं, ते बायकोला अजून समजावता आलेलं नाही.

उत्तर आलं ते असं : ‘ओके काका. पण पुढच्या वेळी वॉर लावायच्या आधी सांगा.’

तो मुलगा आमचा लीडर. खेळाचं नाव क्लॅश ऑफ क्लॅन्स. फिनलंडमधल्या सुपरसेल कंपनीने २०१२ साली तो आणला, आणि काही वर्षांनी माझ्या भाच्याने तो माझ्या फोनमध्ये आणला. “मामा, लोकलमध्ये वेळ जाईल,” एवढंच तो म्हणाला होता. सुरुवातीला खेळ मला आवडला. आपलं एक छोटंसं गाव असतं. सोन्याच्या खाणी, एलिक्सर नावाच्या रसाच्या टाक्या, तोफा, भिंती आणि मध्यभागी टाऊनहॉल. एकेका गोष्टीची पातळी वाढवत न्यायची. बिल्डरला काम दिलं की तो ‘तीन दिवस’ सांगतो आणि तिसऱ्या दिवशी काम पूर्ण करून हातोडी खाली ठेवतो. दिलेली मुदत पाळणारा बिल्डर डोंबिवलीत राहून मी पहिल्यांदाच बघत होतो. मी भारावून गेलो.

मग भाचा म्हणाला, “मामा, एकटे किती दिवस खेळणार? आमच्या क्लॅनमध्ये या.”

क्लॅन म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांची टोळी. एका क्लॅनमध्ये जास्तीत जास्त पन्नास माणसं. त्यात एक लीडर, मग को-लीडर, मग एल्डर, आणि तळाशी मेंबर. आमच्यातला सगळ्यात लहान सभासद आठवीत होता आणि तो एल्डर होता. मी मेंबर. आल्या आल्या त्यानेच माझं स्वागत केलं : ‘वेलकम काका, रूल्स वाचून घ्या.’

गेममध्ये क्लॅनची माहिती लिहायला मोजक्या ओळींची जागा असते. तिथे फक्त ‘वॉर कंपल्सरी, शिव्या नाही’ एवढंच होतं. खरी नियमावली व्हॉट्सअॅप ग्रुपवर. ती वाचायला मी चष्मा बदलून बसलो. मी आमच्या सोसायटीचा एके काळचा सेक्रेटरी. गृहनिर्माण संस्थेचे उपविधी मी मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत वाचलेला इमारतीतला एकमेव माणूस आहे, त्यामुळे नियम म्हटले की माझी नजर आधी पळवाटा शोधते. उपविधींमध्ये त्या आहेत. या मुलांच्या नियमावलीत नव्हत्या. कलमं लांबलचक नव्हती, पोटकलमं नव्हती, ‘तथापि’ नव्हतं. ‘दोन अटॅक न करणाऱ्याला किक’, म्हणजे हकालपट्टी, या वाक्यात कुठला वकील शिरणार?

पहिला धडा मिळाला डोनेशनचा. इथे डोनेशन म्हणजे पैसे नव्हेत, सैनिक. प्रत्येक गावात एक क्लॅन कॅसल म्हणजे किल्ला असतो. आपण सैनिक मागायचे, बाकीच्यांनी आपल्याकडचे द्यायचे. कल्पना सुंदर आहे. पण कुणी किती दिले आणि किती घेतले, याचे दोन आकडे प्रत्येकाच्या नावासमोर लागतात आणि ते सगळ्या जगाला दिसतात. आमच्या सोसायटीत थकबाकीदारांची यादी फलकावर लावायचा ठराव आला तेव्हा निम्मी सभा उठून गेली होती. इथे ती यादी चोवीस तास लावलेली, आणि कुणाची काही तक्रार नाही.

आकडा सुधारावा म्हणून मी दिसेल त्याला दिसेल ते देत सुटलो. त्याच रात्री मेसेज.

‘काका, मी ड्रॅगन मागितला होता.’

‘हो.’

‘तुम्ही गॉब्लिन दिलेत.’

‘माझ्याकडे तेवढेच होते रे.’

‘मग द्यायचं नाही काका.’

गॉब्लिन हा प्राणी फक्त सोनं आणि एलिक्सर दिसेल तिकडे धावतो, आजूबाजूला काय पेटलंय याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं. वॉरमध्ये त्याचा उपयोग शून्य. लीडरचा कॅसल मी काठोकाठ अशा मंडळींनी भरून टाकला होता. तरीही त्याने ‘काका’ सोडलं नाही. हेच मला जास्त लागलं. ‘अहो जोशी’ म्हणून फाडकन बोलला असता तर मी भांडलो तरी असतो. प्रत्येक वाक्याला ‘काका’ लावून कुणी झापायला लागलं की माणसाला उलटं बोलायला जागाच राहत नाही.

वॉर म्हणजे दोन दिवसांचं प्रकरण. आधी तेवीस तास तयारी, मग चोवीस तास लढाई. प्रत्येकाला दोन अटॅक. समोरच्याचं अर्धं गाव पाडलं की एक स्टार, टाऊनहॉल पाडला की एक, आणि सगळंच भुईसपाट केलं की तिसरा. पहिला अटॅक ‘मिरर’वर, म्हणजे यादीत आपण ज्या नंबरवर असू त्याच नंबरच्या समोरच्या माणसावर. खालच्या दुबळ्या गावावर जाऊन तीन स्टार लुटून आणायचे नाहीत. दुसरा अटॅक लीडर सांगेल तिथे. हे सगळं मला पटलं होतं. प्रश्न वेळेचा होता. वॉर कधी लावायची ते लीडर ठरवणार, आणि लीडरचा क्लास सुटणार रात्री साडेनऊला. त्यामुळे आमच्या सगळ्या लढाया रात्री दहाच्या सुमारास सुरू होत आणि दुसऱ्या रात्री दहाला संपत. मी दहाला झोपणारा माणूस.

“अहो, एवढ्या रात्री कोण मिस्ड कॉल देतंय?”

“वॉर आहे.”

“मग उचला की.”

“उचलायचा नसतो. दुसरा अटॅक राहिलाय, त्याची आठवण आहे ती.”

तिने कूस बदलली. तिच्या माहेरी असली माणसं नव्हती, हे तिने न बोलता सांगितलं.

वॉरला यायचं नसेल तर गेममध्येच त्याची सोय आहे. नावापुढे हिरवी खूण म्हणजे तयार, लाल म्हणजे नको. पण आमच्या क्लॅनमध्ये न विचारता लाल करणं हे न सांगता वॉरला दांडी मारण्यापेक्षाही मोठं पाप. ‘लाल करायच्या आधी ग्रुपवर कारण टाकणे.’ लोक कारणं टाकत. आजी ॲडमिट आहे. युनिट टेस्ट आहे. ऊस तोडायला टोळी आलीय. एका को-लीडरने नुसतंच ‘मन नाही’ असं टाकलं, आणि त्यावर लीडरने ‘ओके दादा, टेक केअर’ लिहिलं. माझ्या ऑफिसात ‘मन नाही’ या कारणावर रजा मिळत असती तर मी निवृत्त होईपर्यंत घरीच बसलो असतो.

नियमावलीतला एक नियम माझ्यामुळे आहे. ‘प्रवासात अटॅक करू नये.’ एक अटॅक तीन मिनिटांचा. त्या तीन मिनिटांत फोनचं नेट गेलं तरी अटॅक मोजला जातो, परत संधी नाही. मी उभ्याने, एका हाताने वरची कडी धरून, रानडुकरांवर बसलेले हॉग रायडर भिंतींवरून छान उड्या मारत पुढे चाललेले बघत होतो, आणि लोकल बोगद्यात शिरली. बाहेर आलो तोवर सामना आटोपला होता आणि माझे निम्मे सैनिक खाली उतरलेलेही नव्हते. पण त्या निमित्ताने एक गोष्ट कळली. कुठल्याही संस्थेतल्या विचित्र नियमामागे एक खराखुरा माणूस असतो. आमच्याच यादीत पुढे होतं, ‘क्लॅन चॅटवर सुविचार नको’, ‘ताईच्या फोनवरून अटॅक नको’ आणि ‘प्रपोज पर्सनलवर करणे’. हे तीन सभासद कोण, ते मी शोधून काढलं. सुविचारवाले माझ्याच वयाचे निघाले.

आपणच असे अडकलोय का, म्हणून मी थोडं वाचलं. नाही. ऑनलाइन खेळांमध्ये अशा टोळ्यांना गिल्ड म्हणतात, आणि त्यांची हजेरीपटं आमच्याहून जुनी आहेत. १९९९ साली एव्हरक्वेस्ट नावाचा खेळ आला. त्यातला ड्रॅगन मारायला डझनावारी माणसं तासन्‌तास लागायची, आणि मेल्यावर त्याच्याकडून निघायच्या चारदोन वस्तू. वाटप कसं करणार? खेळाडूंनी डोकं चालवून ‘ड्रॅगन किल पॉइंट्स’ काढले. जो हजर राहील त्याला गुण, आणि गुण साठले की वस्तू. म्हणजे ऑफिसातून सुटून माणसं ड्रॅगन मारायला जात, आणि तिथेही मस्टर.

पण माझ्या मनात घर करून राहिली ती ईव्ह ऑनलाइनची गोष्ट. हा आइसलंडच्या एका कंपनीचा अंतराळातला खेळ. त्यात तेव्हा ग्रहताऱ्यांचा एकेक भाग ताब्यात ठेवायला ठरावीक भाडं भरावं लागायचं. २०१४च्या जानेवारीत एका बलाढ्य गटाचं, एका महत्त्वाच्या भागाचं भाडं भरायचं राहिलं. ताबा गेला. शत्रूने ते हेरलं, आणि तिथे जी लढाई पेटली ती एकवीस तास चालली. त्यात ७५ टायटन म्हणजे त्या खेळातली सर्वांत अजस्र जहाजं नष्ट झाली. खऱ्या पैशात त्या नुकसानीचा अंदाज सुमारे तीन लाख डॉलर. मी ही हकिकत सोसायटीच्या वार्षिक सभेत, मेंटेनन्सचा विषय निघाला तेव्हा, सविस्तर सांगितली. थकबाकी तेवढीच राहिली, पण तळमजल्यावरचे दोघं माझ्याशी जरा जपून बोलू लागले.

आता लीगबद्दल. २०१८ पासून खेळात क्लॅन वॉर लीग सुरू झाली. आठ क्लॅनचा गट, सात लढाया, रोज प्रत्येकाला एकच अटॅक. शेवटी सगळ्यांना मेडल मिळतात, पण त्यावर थोड्या जणांना बोनस मेडल, आणि ती कुणाला द्यायची ते लीडरच्या हातात. इथवर आमचा क्लॅन आदर्श होता. बोनस आला आणि कळलं की हीसुद्धा माणसंच आहेत. लीगच्या आठवड्यात लीडरने टाकलेल्या प्रत्येक फालतू विनोदावर हसणारे वीस जण. कुणी त्याला न मागता ड्रॅगन देतंय, कुणी ‘लीडर, फिजिक्सच्या नोट्स पाहिजेत का’ विचारतंय. मी यात उतरलो नाही, कारण माझे अटॅक चांगले झाले होते आणि माझा गुणवत्तेवर विश्वास होता. यादी लागली. माझं नाव नाही. मी पर्सनलवर विचारलं.

‘काका, या वेळी ज्युनिअर्सना द्यायचं ठरलंय. मोटिवेशन राहतं. पुढच्या वेळी तुमचं नक्की.’

हे वाक्य मी एकोणतीस वर्षांच्या नोकरीत एवढ्या वेळा ऐकलंय, की मला त्यातली स्वल्पविरामाची जागासुद्धा पाठ आहे. साहेब होण्यासाठी माणसाला पंचवीस-तीस वर्षं झिजावं लागतं, असं मी समजत होतो. अकरावी पुरते.

यानंतर आला भाच्याच्या लग्नाचा आठवडा. मला क्लॅनमध्ये आणणारा तोच हा भाचा. लग्न त्याचं, पण अर्ज केला मी. रीतसर, वॉर लावायच्या आधी, कारणासहित. नवरदेव खरेदी, केळवणं आणि रुसवेफुगवे यांत बुडालेला. त्याची खूण हिरवीच राहिली आणि लीडरने त्याला वॉरमध्ये घेतलं. हळदीच्या दिवशी त्याचे दोन्ही अटॅक वाया गेले. रात्री तो क्लॅनमधून बाहेर.

मी मध्यस्थी केली. ‘अरे, लग्न आहे त्याचं. परवा.’

‘माहितीये काका. तुम्ही टाकलेल्या कारणात वाचलं. माझ्याकडून अभिनंदन सांगा दादाला.’

‘मग?’

‘पण त्याने स्वतः सांगायला पाहिजे होतं ना.’

याला काय उत्तर देणार? वर त्याने मलाही गळ घातली. एक माणूस कमी झाला, नवी वॉर लागतेय, ‘काका, तुम्हाला घेऊ का? मुहूर्त झाल्यावर एक अटॅक केला तरी चालेल.’ ज्याने सख्ख्या भाच्याला काढलं त्याला मी ‘हो’ म्हणालो. नाही कसं म्हणायचं असतं, हे अजून कुठल्याच नियमावलीत लिहिलेलं मला सापडलेलं नाही.

अक्षता पडल्या, पहिली पंगत बसली, आणि मी कार्यालयाच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या पिंपाजवळ नेटवर्कचे दोन दांडे दिसले तिथे उभा राहिलो. तीन मिनिटं. टाऊनहॉल पडला, दोन स्टार. घाम पुसून वर बघतो तर फेटा बांधलेले एक गृहस्थ शेजारी उभे. मुलीकडचे. बहुधा तिचे काका. त्यांची नजर माझ्या फोनवर.

“कितवा टाऊनहॉल?” त्यांनी हळूच विचारलं.

“अकरावा. तुम्ही?”

“दहावा. पण एकटाच खेळतो हो.” त्यांनी इकडेतिकडे बघितलं. “तुमच्यात जागा आहे का?”

“आहे ना. परवाच एक रिकामी झाली.”

“नियमबियम फार नाहीत ना? घरचेच पुष्कळ आहेत.”

“छे छे,” मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवत म्हणालो, “अगदी घरच्यासारखं वातावरण आहे.”